टिळकांचा दरबार आणि बाप्तिस्म्याचा प्रश्न

रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हटलं, की आपल्याला आठवतात ते फुलांमुलांचे कवी. आज मात्र मला त्यांच्या आयुष्यातल्या शेवटच्या, दोन वर्षांहूनही लहान अशा पर्वाविषयी बोलायचं आहे. त्या काळात त्यांनी एक प्रयोग मांडला. तो अर्धवट राहिला, पण त्यातला प्रश्न आजही चर्चमध्ये कुणी काढला, की माणसं घसा खाकरतात. ख्रिस्ताचा शिष्य व्हायचं, तर बाप्तिस्मा घेतलाच पाहिजे का?

हा प्रश्न टिळकांनी विचारावा, याचं नवल वाटतं. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं आणि त्यानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चित्पावन घरातला माणूस! पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू दुरावले, ते साडेचार-पाच वर्षं. ती ताटातूट काय होती, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना मी सांगायला नको. म्हणजे बाप्तिस्म्याची किंमत या गृहस्थानं रोख मोजली होती.

पुढे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये रमले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 'ज्ञानोदय'चं संपादन, भजनं, ख्रिस्ती कीर्तनं असं सगळं चालू होतं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. आणि १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही तिथं बंधू. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो.

असं का करावंसं वाटलं असेल? त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे नुसता विधी नव्हता. घर सोडून मिशनच्या आवारात राहायला जाणं होतं. आवारात शाळा, बंगला, पगार आणि साहेब. ख्रिस्त हवा, पण आवार नको, अशी माणसं टिळकांना भेटत असणार. आपण मोजली ती किंमत दुसऱ्याकडून वसूल करणं त्यांना जड गेलं असावं, असं मला वाटतं.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती हलकी नाही. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजातून आलेले. त्यांना बाप्तिस्म्यानं काय दिलं? मंडळीच्या वहीत नाव दिलं, प्रभुभोजनाच्या पंगतीत सर्वांबरोबर जागा दिली. आता एखादा वरच्या जातीचा साधक घरी बसून नवा करार वाचतो, भजनं गातो, पण त्या पंगतीला येत नाही. त्याला शिष्य म्हणायचं का? पाणी टाळतो आहे, की शेजारी बसणारा माणूस?

लक्ष्मीबाईंनी याचं उत्तर न बोलताच देऊन ठेवलं होतं. जात देवानं केलेली नाही, असं मनाशी ठरल्यावर यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, हा त्यांचा निश्चय आधी झाला. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. सोवळं सुटलं, मग पाणी आलं. दरबाराच्या दारावर एखादी अट लावायचीच असती, तर मी हीच लावली असती.

गंमत अशी, की आज पारडं उलटं फिरलं आहे. अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात शीख १९५६ मध्ये आले, बौद्ध १९९० मध्ये आले. ख्रिस्ती दलित अजूनही बाहेर आहेत. एके काळी ज्या वहीत नाव लागणं हा मान होता, तिथंच नाव लागलं की शिष्यवृत्ती आणि राखीव जागा हातच्या जातात. म्हणून दर रविवारी उपासनेला येणारी, मुलांना प्रार्थना शिकवणारी, पण बाप्तिस्म्याचं नाव काढलं की गप्प होणारी कुटुंबं आहेत. त्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. म्हणणाऱ्याच्या मुलाची फी कोण भरतो, तेही विचारावं! तिकडे पाळकांची पंचाईत वेगळीच. यांना प्रभुभोजन द्यायचं का? मंडळीच्या सभेत मत? आणि मेल्यावर दफनभूमीत जागा? कमिटीत वाद पेटतो, तो बहुतेक या शेवटच्या प्रश्नावर.

टिळकांना उत्तर शोधायला वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. जाण्यापूर्वी त्यांनी एक इच्छा सांगून ठेवली होती: आपला देह पुरू नये, दहन करावं. तसंच झालं. अस्थी नगरला नेण्यात आल्या.