गोवाडिया, नोशीर
(१९४४ – ). मुंबईत जन्मलेले पारशी-अमेरिकन वैमानिकीय अभियंते. रडारला चकविणाऱ्या ‘बी-२ स्पिरिट’ या अमेरिकन बाँबफेकी विमानाच्या प्रचालन यंत्रणेच्या अभिकल्पात त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. त्याच विद्येच्या विक्रीबद्दल उतारवयात त्यांना दीर्घ कारावासाची शिक्षा झाली.

अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी ते अमेरिकेस गेले व पुढे तेथील नागरिक झाले. १९६८ ते १९८६ या काळात ते नॉरथ्रप या विमानकंपनीत होते. रडारचा शोधपल्ला हा लक्ष्याच्या परावर्तनक्षेत्राच्या चतुर्थमूळाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे परावर्तन दहा हजारांश केले, तरच पल्ला एक-दशांश होतो. एवढी घट साधण्यास उपयोगी पडणारे विवर्तनाचे गणित प्यॉटर उफिमत्सेव्ह या सोव्हिएट शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये उघडपणे प्रसिद्ध केले होते. अमेरिकनांनी ते भाषांतरित करून घेतले व १९७०–८० या दशकात त्याचा उपयोग केला, ही या इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय.

रडार चुकविले, तरी झोत एंजिनाची उष्णता लपत नाही. तप्त वायू व धातू यांतून निघणारे अवरक्त प्रारण क्षेपणास्त्रांना वाट दाखविते. म्हणून बी-२ ची चार एंजिने पंखात दडविलेली असून हवेची अंतर्ग्रहण-मुखे पंखाच्या वरच्या अंगास आहेत. निष्कासातील तप्त वायूंत थंड हवा मिसळून ते पंखाच्या वरच्या बाजूनेच सोडले जातात. त्यामुळे खालून पाहणाऱ्या संवेदकास त्यांचा मागोवा घेणे कठीण जाते. गोवाडिया यांचे कार्य मुख्यतः याच क्षेत्रातील होते. हे विमान नोव्हेंबर १९८८ मध्ये लोकांपुढे आले व १७ जुलै १९८९ रोजी प्रथम उडाले. तोवर त्यांनी कंपनी सोडलेली होती.

पुढे ते सल्लागार झाले व हवाई बेटांपैकी माउई येथे राहू लागले. २००३ ते २००५ या काळात त्यांनी चीनला अनेक वेळा जाऊन क्रूझ क्षेपणास्त्रासाठी निष्कास-प्रोथाचा, म्हणजे तप्त वायू बाहेर सोडणाऱ्या तोंडाचा, अभिकल्प करून दिला. त्याबद्दल त्यांना किमान १,१०,००० डॉलर मिळाले. ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांना अटक झाली. आपण प्रसिद्ध माहितीच वापरली, असा त्यांचा बचाव होता. मूलभूत भौतिकीपुरता तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु असा प्रोथ बसविलेल्या क्षेपणास्त्रावर अवरक्तवेधी अस्त्रांस किती अंतरावरून नेम धरता येईल, याची आकडेवारीही त्यांनी पुरविली होती, व ती गोपनीय होती. होनोलूलू येथील ज्यूरीने ऑगस्ट २०१० मध्ये सतरापैकी चौदा आरोपांत त्यांना दोषी ठरविले. जानेवारी २०११ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांना ३२ वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली.