शहर आणि त्याला वेढणारा तालुका

१/४ दक्षिण कोरियातील छोंगजू शहर १९४६ मध्ये भोवतालच्या ग्रामीण भागापासून वेगळे झाले. गावांचा छोंगवॉन तालुका मात्र त्याला चहूबाजूंनी वेढून राहिला.

२/४ पुढे देशभर हाच शिरस्ता पडला. ५०,००० लोकवस्ती झालेले मोठे गाव शहर ठरे आणि तालुक्यातून फुटून निघे. तालुक्याकडे शेती उरे, कराचे उत्पन्न आटे.

३/४ १९९५ मध्ये शासनाने धोरण उलटवले. अनेक शहरे व तालुके एकत्र आले. छोंगवॉनचे विलीनीकरण मात्र १९९४, २००५ आणि २०१० असे तीनदा फसले. करांचा बोजा वाढेल, शहराला नकोशा गोष्टी आपल्या माथी येतील, ही ग्रामीण भागाची भीती होती.

४/४ अखेर ग्रामीण भागाच्या हिताच्या अटी आधी ठरल्या, मग २०१२ मध्ये छोंगवॉनच्या मतदारांनी कौल दिला. १ जुलै २०१४ रोजी, ६८ वर्षांनी, दोन्ही पुन्हा एक झाले.