पाहुणा कुणाच्या अंगावर?

धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातल्या एखाद्या लहान गावाला जाणे आज फारसे अवघड नाही. सोलापूर–हैदराबाद महामार्गावर उमरग्याला उतरावे, तिथले हेमाडपंती महादेवाचे देऊळ पाहावे आणि पुढची एस.टी. किंवा जीप धरावी. गावात कसे वागावे याचे सल्लेही ठरलेले असतात: आधी सरपंचाला भेटा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका, चपला बाहेर काढा. सल्ले चुकीचे नाहीत. पण त्यांच्यामागे एक समजूत असते की खेडे मुळातच येईल त्याला भाकरी घालणारे असते आणि पाहुण्याने फक्त रीत सांभाळायची. जुने पुरावे वेगळे सांगतात. परक्या माणसाची सोय मराठी गावाने कधी निव्वळ मायेवर सोडली नव्हती. तिची व्यवस्था होती, तिला नियम होते, आणि तिचा भार गावातल्या ठरावीक लोकांच्या अंगावर पडत होता.

पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाबद्दल इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ साली अहवाल लिहिला. त्यात गावच्या महाराची कामे दिली आहेत. गावात कोण आले, कोण गेले याची खबर ठेवायची, परक्यावर नजर ठेवायची, संशय आला तर पाटलाला कळवायचे. चोरी झाली तर माग काढत शिवेपर्यंत जायचे आणि तो पुढच्या गावाच्या हवाली करायचा. तिथून जबाबदारी त्या गावाची. म्हणजे वेशीतून आत येणारा प्रत्येक जण आधी हेरला जाई, मग त्याचे आगतस्वागत. हा संशय उगाच नव्हता. मेडोज टेलरने निजामाच्या चाकरीत ठगांचा काळ जवळून पाहिला आणि १८३९ मध्ये एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपात कादंबरी लिहिली. १८५३ च्या तहाने याच भागातला नळदुर्गचा मुलूख काही वर्षे इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा तिथला कारभारही त्याच्याकडेच आला. ठगाची सारी करामत सभ्य सोबती दिसण्यात होती. अशा दिवसांत ‘पाव्हणं, कुठलं गाव? कुणाकडं आलाव?’ हा प्रश्न चौकशीचाच होता. आजही तो पारावर विचारला जातो आणि शहरी माणसाला चोंबडेपणा वाटतो. त्याचे सरळ उत्तर द्यावे. ते टाळणारा पाहुणा गावाला पूर्वीही खटकत असे.

उत्तर मिळाले की माणसाची जागा ठरे. सोयरा असेल तर सोयऱ्याच्या ओसरीवर, बैरागी असेल तर देवळात, फकीर तकियात. या भागात लिंगायतांची वस्ती मोठी, तेव्हा जंगमाला मठ होता. नंदीवाले, वैदू, बहुरूपी यांची पाले गावाबाहेरच्या माळावर. सरकारी माणूस मात्र चावडीत उतरे, आणि तो उतरला की खर्च सुरू होई: जळण, गवत, पाणी, घोड्याची देखभाल, आणि निघताना पुढच्या गावापर्यंत ओझे नेणारा माणूस, रात्र असेल तर वाटाड्या. हे काम पैशाने होत नसे. वेठ म्हणून होई, आणि वेठ प्रामुख्याने महार-मांगांच्या वाट्याला येई. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ च्या ‘गांवगाडा’त फिरस्त्यांचा आणि अंमलदारांच्या लवाजम्याचा भार इतक्या बारकाईने मांडला आहे, की खेड्याच्या पाहुणचाराबद्दल बोलणाऱ्याने तो आधी वाचावा. आत्रे स्वतः महसूल खात्यातले, त्यामुळे हा हिशेब त्यांना आतून माहीत होता. फिरस्त्यांकडे पाहण्याची त्यांची नजर कठोर आहे, काही ठिकाणी अन्याय करणारी. तरी भार कुणावर पडतो हे त्यांनी लपवले नाही.

यावर कुणी म्हणेल, ही दरबारी बाजू झाली. गरीब कुणब्याने वाटसरूला घातलेली भाकरी खोटी होती काय? खोटी नव्हती. दिंडीला जेवण घालणारी, उरसाला आलेल्याला पाणी देणारी घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण ती भाकरी आणि तो तांब्या सगळ्यांसाठी सारखा नव्हता. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सोबत्यांसह निजामाच्या राज्यात वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याच्या तोंडाशी हौदावर हातपाय धुतले म्हणून त्यांच्याभोवती जमाव जमला. हौद बाटवल्याचा आरोप झाला आणि आरोप करणारे मुसलमान होते, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. नामांकित बॅरिस्टराची ही गत, तर अनोळखी दलित वाटसरूला महारवाड्याबाहेर कोण उतरवून घेणार होते? तेव्हा खेड्याच्या दिलदारपणाचे कौतुक करताना पाहुणा कोण होता, हे विचारावेच लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. एल्फिन्स्टनने लिहिले पेशवाईबद्दल, आत्र्यांनी इंग्रजी मुलखाबद्दल. उमरगा तर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात. राजवट वेगळी होती, हे खरे. पण गावकामाचे वतन आणि त्यासोबतची वेठ सरहद्दीवर थांबत नव्हती. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ ला याच धाराशिव भागात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिथे आंबेडकर आले. वेठीचा जाच नसता तर वतनदारांना परिषद भरवायची गरजच नव्हती. १९५० च्या संविधानाने वेठबिगारीला बंदी घातली आणि जुन्या पाहुणचाराचा कणा कायद्याने मोडला.

भार मात्र नाहीसा झाला नाही. तो घरात शिरला. आज आगाऊ न कळवता गावात टपकलेल्या चार जणांचा चहा आणि भाकऱ्या बहुतेक वेळा त्या घरातली बाई करते, शेतातून येऊन, आणि तिला कुणी विचारलेले नसते. आधी फोन करावा, जेवण सांगायचे तर पैसे किंवा शिधा ठरवून द्यावा, वाट दाखवणाऱ्या पोराला रोज द्यावा, हे सल्ले इथून निघतात. ‘पैसे दिले तर त्यांना वाईट वाटेल’ ही सबब पाहुण्याच्या सोयीची आहे. घरधनी नको म्हणेलही. मग पैसे शाळेला किंवा देवळाच्या कामाला देता येतात.

जुनी ठिकाणेही आता सगळीकडे नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची माळवदे माणसांवर कोसळली. सास्तूर, होळी, राजेगाव ही गावे तेव्हा उमरगा तालुक्यात होती, आज ती लोहाऱ्यात आहेत. लातूर आणि धाराशिव मिळून ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, सुटी घरे, आणि गल्ली-भावकीची जुनी वीण उसवलेली. अशा गावात वेस शोधत बसू नये. ग्रामपंचायतीचे कार्यालय किंवा शाळा गाठावी. आणि नुकसान पाहायला आलो असे तर मुळीच दाखवू नये. त्या वर्षी पाहायला येणारे इतके आले, की गावांनी तेवढ्यात पाहुण्यांची पारख शिकून घेतली.

परक्याला उतरवून घेण्याची एक रीत मात्र गावात अजून चालू आहे. संध्याकाळी मुक्कामी एस.टी. येते, चालक-वाहक रात्री तिथेच थांबतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघते. त्यांच्या झोपण्याची, पाण्याची, संडासाची सोय गावाने करायची असते. ती नसली तर तक्रार होते, आणि गाडी बंद पडेल म्हणून गावाला ती ऐकावी लागते.