साखर मोजणारा पापुद्रा

१९५६ हे साल सीमाभागातल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव, खानापूर, निपाणीची माणसे जागची न हलता म्हैसूर राज्यात गेली. इतिहासाचा शिक्षक म्हणून तीस वर्षे हे साल मी फळ्यावर लिहीत आलो. त्याच साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लेलँड क्लार्क नावाच्या शास्त्रज्ञाने रक्तातला प्राणवायू मोजणारा इलेक्ट्रोड जगापुढे मांडला, हे मात्र पन्नाशी उलटल्यावर माझ्या वाचनात आले. वाचले तेव्हा प्रथम अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे वडील. निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. मधुमेह जुना, इन्सुलिन सुरू. आमच्याकडे मराठीत ‘शुगर’ म्हणतात, कानडीत ‘सक्करे कायिले’. उसाच्या मुलखात दोन्ही भाषांनी रोगाला साखरेचेच नाव दिले आहे. त्या काळी घरी तपासणी लघवीची. परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण पाच मिलिलिटर, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी, विटकरी झाले तर चढत्या क्रमाने साखर. नळी धरण्याचे काम माझे. दहावीच्या वर्षी, १९८६ च्या थंडीत, एका रात्री द्रावण निळेशार राहिले. ‘आज काही नाही रे,’ म्हणून अण्णा समाधानाने निजले. पहाटे पाहतो तो अंथरूण घामाने भिजलेले आणि अण्णा बेशुद्ध! डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिले, जीव वाचला. पण पुढे वखारीची खतावणी त्यांना कधी जुळवता आली नाही.

यात दोष कुणाचा म्हणावा? रक्तातली साखर १०० मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, तरच मूत्रपिंड ती लघवीत सोडते. त्याखाली रक्तात १२० असो की ४०, द्रावण निळेच. साखर सांडली तर ती नळी सांगत असे, आटली तर गप्प बसत असे.

आता क्लार्ककडे वळू. प्लॅटिनमची तार रक्तात बुडवून प्राणवायू मोजता येतो, हे आधीच ठाऊक होते. पण रक्तातली प्रथिने तारेवर चिकटत आणि मोजमाप बिघडे. क्लार्कने तारेवर प्रथम सेलोफेन चढवला, म्हणजे सिगारेटच्या पाकिटावर असतो तो पारदर्शक कागद. नंतर पॉलिएथिलीनचा पापुद्रा वापरला. त्यातून वायू आत जाई, प्रथिने बाहेर राहत. विज्ञानाच्या पुस्तकात याला पटल म्हणतात. कानडीत ‘पोरे’, सापाची कातही पोरे आणि डोळ्यावरचा मोतीबिंदूही पोरेच.

१९६२ मध्ये क्लार्क आणि चँप लायन्स यांनी पुढचे पाऊल टाकले. ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांनी पटलाच्या आड कोंडले. हे विकर प्राणवायू वापरून ग्लुकोजचे ग्लुकॉनिक आम्ल करते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. प्राणवायू किती घटला यावरून साखर किती होती ते कळते. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी तेच विकर पॉलिअॅक्रिलअमाइडच्या जेलीत गोठवून बसवले. १९७५ मध्ये क्लार्कच्याच कल्पनेवर यलो स्प्रिंग्ज कंपनीचे विश्लेषक यंत्र बाजारात आले. त्यात मोजत ते पेरॉक्साइड. बाहेर पॉलिकार्बोनेट, मध्ये विकर, आत सेल्युलोज अॅसिटेट. आतल्या पडद्याचे काम पेरॉक्साइडला वाट द्यायची आणि युरिक आम्ल, क जीवनसत्त्व, पॅरासिटामॉल यांना अडवायचे; कारण हेही पदार्थ इलेक्ट्रोडवर वीज उत्पन्न करतात आणि नसलेली साखर दाखवतात. आजही काही सेन्सरांच्या माहितीपत्रकात पॅरासिटामॉल किंवा क जीवनसत्त्वाबद्दल इशारा असतो. तो जरूर वाचावा.

खरी अडचण पुढेच होती. सेन्सर कातडीखाली ठेवायचा तर तिथे साखर पुष्कळ आणि प्राणवायू कितीतरी कमी. निपाणीकरांना हे चटकन उमगेल. सुगीत तंबाखूच्या शंभर गाड्या वखारीशी आल्या आणि काटा एकच असला, तर संध्याकाळी वहीत जो आकडा पडतो तो काट्याच्या ताकदीचा. गाड्या किती आल्या याचा त्यातून पत्ता लागत नाही. मग काय करायचे? फाटकावर माणूस बसवायचा आणि ठराविक प्रमाणातच गाड्या आत घ्यायच्या. पॉलियुरेथेनचा बाहेरचा पडदा नेमके हेच करतो. प्राणवायूला मोकळी वाट, साखरेला मोजकी. साखर मोजण्यासाठी साखरच अडवायची, ही युक्ती मला फार आवडली. १९८२ मध्ये जपानात ओसाकाच्या शिचिरी यांनी असा पडदा चढवलेला सुईसारखा सेन्सर करून दाखवला.

बोट टोचून पाहण्याची विजेवर चालणारी पट्टी १९८७ मध्ये आली. तिच्यात प्राणवायूऐवजी फेरोसीन हे लोहाचे संयुग योजले होते. आपल्याकडे जानेवारी २०१४ मध्ये आयआयटी मुंबईचे ‘सुचेक’ आणि बिट्स पिलानीचे ‘क्विकचेक’ ही स्वदेशी यंत्रे जाहीर झाली. पॉलिमरच्या पडद्यांची विद्या आपल्याला परकी नाही. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात प्रा. तेजराज अमिनभावी यांनी पडद्यांवर आयुष्यभर काम केले. मीही त्याच विद्यापीठाचा एम.ए., पण तेव्हा विज्ञानाच्या इमारतीकडे फिरकलो नाही. असो.

गेल्या जूनमध्ये आठवीतल्या एका मुलाची आई माझ्या कचेरीत आली. माहेर हुक्केरीकडचे, बोलणे निम्मे कानडी, निम्मे मराठी. ‘सर, ह्याचा फोन वर्गात ठेवू द्या,’ एवढेच तिचे मागणे. मुलाच्या दंडावर रुपयापेक्षा थोडी मोठी चकती, तिच्याखाली कातडीत केसासारखी तार. आमच्या शाळेत मोबाइलला सक्त मनाई. शिक्षकांच्या बैठकीत बराच वाद झाला. एकाला परवानगी दिली तर उद्या दहाजण मागतील, असे एक गुरुजी म्हणाले. मी अण्णांच्या निळ्या नळीची हकिकत सांगितली आणि परवानगी दिली.

ऑगस्टमध्ये माझ्याच तासाला तो फोन वाजला. आकडा ६२. मी खडू खाली ठेवला. पोराने खिशातली ग्लुकोजची पूड तोंडात टाकली, वर्ग गप्प बसून राहिला. पंधरा मिनिटांनी आकडा ९४ झाला, तेव्हा धडा पुढे सुरू केला.

एक चकती पंधरा दिवसांच्या आत संपते. महिन्याला दोन लागतात, त्या माउलीला एकच परवडते. उरलेले दिवस बोट टोचून पट्टीवर भागवतात. त्या दिवसांत त्याला मी पहिल्या बाकावर बसवतो आणि त्याच्या कपाळावर घाम दिसतो का, ते पाहत शिकवतो.