काचेचे मणी हाताने बनवून ऑनलाइन कसे विकायचे?

काचेचा मणी आपल्याला नवा नाही, मंगळसूत्रात तो असतोच. वाराणसी आणि हाथरस जिल्ह्यातलं पुरदिलनगर इथे तर पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालतं. मी हे मणी टेबलावर, एका छोट्या बर्नरवर बनवतो. या पद्धतीला लॅम्पवर्क म्हणतात.

मणी कसा बनतो?

१. स्टीलच्या तारेला मातीसारखा लेप लावून सुकवायचा. लेप नसेल तर काच तारेला कायमची चिकटते.
२. काचेची कांडी ज्योतीत हळूहळू तापवायची, मऊ झाली की फिरत्या तारेवर गुंडाळायची.
३. तार फिरवत राहायची. थांबलात की मणी एका बाजूला लोंबतो.
४. गरम मणी तारेसकट थेट भट्टीत ठेवायचा.

कुठली काच घ्यायची?

कांडीच्या पाकिटावर सीओई १०४ किंवा ३३ असा आकडा असतो. तापल्यावर काच किती प्रसरण पावते, ते यावरून कळतं. १०४ म्हणजे मऊ काच, ३३ म्हणजे बोरोसिलिकेट. दोन्ही एकाच मण्यात वापरू नका. थंड होताना त्या वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि मणी तडकतो.

भट्टी का हवीच?

मणी बाहेरून लवकर आणि आतून उशिरा थंड होतो, त्यामुळे काचेत ताण अडकतो. असा मणी आज छान दिसेल, पण काही महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या गळ्यात फुटू शकतो. म्हणून १०४ ची काच साधारण ५१० ते ५२० अंश सेल्सिअसला ठेवून मग सावकाश थंड करतात. याला अॅनीलिंग म्हणतात.

ताण तपासायची एक सोपी युक्ती सांगतो. लॅपटॉपच्या एलसीडीवर पांढरा स्क्रीन लावा, पोलराइज्ड गॉगलची काच डोळ्यासमोर धरून स्क्रीन काळा दिसेपर्यंत फिरवा. आता मध्ये मणी धरा. त्यात उजळ पट्टे चमकले तर ताण आहे असं समजा. हे फक्त पारदर्शक मण्यांना चालतं.

सुरक्षितता

- सोडियमचा पिवळा झगमगाट अडवणारा डिडिमियम चष्मा लावा.
- खोलीत हवा खेळती हवी.
- भोक घासताना मणी ओला ठेवा, काचेची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.
- स्वयंपाकाचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरू नका. व्यावसायिक जोडणी घ्या.

विक्री कुठे आणि कशी?

एट्सीवर प्रत्येक लिस्टिंगला ०.२० डॉलर लागतात आणि ती ४ महिने टिकते. विक्री झाली की ६.५ टक्के कमिशन, तेही शिपिंग धरून. म्हणजे १० डॉलरच्या विक्रीतून ०.८५ डॉलर गेले. पेमेंटचा खर्च वेगळा. किंमत ठरवताना हे आधीच धरा, नाहीतर आपलीच मजुरी बुडते.

भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेखालचे छोटे विक्रेते जीएसटी नोंदणीशिवायही ई-कॉमर्सवर माल विकू शकतात, पण फक्त आपल्याच राज्यात. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर पॅनने एनरोलमेंट करावं लागतं.

फोटो खिडकीच्या सौम्य उजेडात, राखाडी कागदावर काढा. वर्णनात मण्याची लांबी-रुंदी आणि भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये द्या. अॅनीलिंग केलंय हे आवर्जून लिहा, अर्थात केलं असेल तरच. फोटोत यंत्राचा मणीही तितकाच सुंदर दिसतो. आपल्या मण्याला जास्त पैसे का द्यायचे, हे गिऱ्हाइकाला या दोन ओळींतूनच कळतं.