काटा आणि कान

हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ उभारली. १९३६च्या ‘अछूत कन्या’मध्ये देविका राणी आणि अशोक कुमार स्वतःच गायले. दोघांचाही गळा मैफल गाजवणारा नव्हता. असा आवाज थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, तर त्याचे माप सांभाळावे लागे. तेव्हा आवाज प्रकाशाच्या रूपाने फिल्मच्या कडेच्या अरुंद पट्टीवर उमटे. प्रमाणाबाहेर वाढला तर तो फाटे. फार लहान राहिला तर फिल्मच्या खरखरीत बुडून जाई.

हे माप दाखवायला मीटरचा काटा होता. १९३९ साली अमेरिकेत ‘व्हीयू’ मीटरचे प्रमाण ठरले. त्याचा काटा मुद्दाम सुस्त ठेवला होता. पूर्ण वर चढायला त्याला सुमारे ०.३ सेकंद लागत. पण काटा मोजत होता वीज. कानाचा हिशेब निराळा. दहा डेसिबलने आवाजाची शक्ती दहापट होते, कानाला मात्र तो साधारण दुप्पटच वाटतो. शिवाय हळू आवाजात खर्जाचे सूर कानाला फारच क्षीण लागतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ सालीच दाखवून दिले होते.

काटा आणि कान यांच्यातल्या या फरकाची किंमत सीडीच्या काळात कळली. सीडीला आवाजाची कमाल मर्यादा असते. ती ओलांडता येत नाही. पण १९९०च्या दशकात प्रत्येकाला आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा मोठे हवे होते. मग उंच टोके दाबायची आणि बाकी सगळे वर उचलायचे, अशी युक्ती रूढ झाली. तबल्याची थाप आणि गायकाचा निःश्वास जवळजवळ एकाच उंचीवर आले. नुसते टोक मोजणाऱ्या मीटरला यात काहीच वावगे दिसेना.

२००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कानाच्या कलाने मोजणारे सूत्र दिले. कोणते सूर कानाला किती जाणवतात हे धरून ते काही वेळाची सरासरी काढते. त्याच्या आधारे २०१० साली युरोपच्या प्रसारकांनी उणे २३ ‘एलयूएफएस’ ही पातळी ठरवली. पुढे इंटरनेटवरच्या अनेक संगीतसेवाही गाणी एका पातळीवर आणू लागल्या. तिथे दाबून मोठे केलेले गाणे खाली उतरवले जाते. दाबलेली टोके मात्र परत येत नाहीत.

बॉम्बे टॉकीज १९५०च्या दशकात बंद पडली. मालाडहून लोकलने चार स्टेशनांवर असलेल्या अंधेरीत आज चित्रपटांच्या आवाजाचे मिश्रण होते. साधने बदलली, पण प्रश्न मालाडचाच आहे: हळू बोललेला शब्द हळूच राहावा, आणि तरी तो ऐकू यावा.