दीड इंचाचे भिंग

२२ जानेवारी १८९८ रोजी, भर दुपारी, खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गाजवळ कोकणात उतरली आणि सोलापूर जिल्ह्यातील जेऊरवरून वऱ्हाडातील तळणीकडे सरकली. नकाशावर जेऊर व तळणी जोडणारी रेषा आपल्या परभणी जिल्ह्यातील जिंतूरजवळून जाते. तो अवेळी अंधार आपल्या पूर्वजांनीही पाहिला असणार.

जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला उपकरणांसह आले होते. तळणीला मात्र इंग्लंडमधील हौशी निरीक्षकांच्या संघटनेचा तळ पडला. त्यांत अ‍ॅनी माँडर होत्या. ग्रिनिच वेधशाळेतील नोकरी त्यांना १८९५ मध्ये विवाहामुळे सोडावी लागली होती. अवघ्या दीड इंच व्यासाच्या भिंगाने त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलातील सुमारे ६० लाख मैल लांबीचा किरण छायाचित्रात टिपला. तोवर इतका लांब किरण कोणत्याही छायाचित्रात उमटला नव्हता.

आज घराच्या गच्चीवरूनही मृगातील तेजोमेघाचे वा देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र घेता येते. एकाच भागाची अनेक छायाचित्रे संगणकावर एकत्र केली की मंद प्रकाश उजळून येतो. घरातील मुलामुलींना या छंदाची ओढ लागली, तर साधन लहान आहे किंवा ती मुलगी आहे, एवढ्यावरून त्यांना अडवू नये, असे आम्हांस वाटते.